सेहेचाळीस अंशांवर एक वाईट चाल

तीनशे बारा गच्च्या आहेत माझ्याकडे
आणि टॉवर फक्त एकेचाळीस.
कुठल्या एकेचाळीस निवडायच्या, एवढाच प्रश्न.
सगळ्या शक्यता तपासत बसले
तर सूर्य विझेल, फुटाळा आटेल,
कंपनीचं टेंडरही केव्हाच संपलेलं असेल.

म्हणून अदमासानं चालायचं.
अदमास हा शब्द माझ्या वडिलांचा.
कळमन्याला ते मिरचीचा ढीग नुसता बघून,
शिंकत शिंकत,
किती पोती भरतील ते सांगत.
चुकले तर पुन्हा शिंकत.

पहिली रीत हावरी होती.
जी गच्ची सगळ्यात उंच ती आधी उचल,
मग उरलेल्यांतली उंच, मग उरलेल्यांतली.
सीताबर्डीवर सात टॉवर
एकमेकांच्या कानात ओरडू लागले
आणि हुडकेश्वरकडे कुणीच बोलेना.

दुसरी रीत लोहाराची.
खूप तापवायचं, मग हळूहळू निववायचं.
तापलेलं असताना यंत्र वेड्यासारखं वागतं,
चांगल्या जागचा टॉवर उचलून वाईट जागी ठेवतं.
ठेवू द्यायचं.
कारण प्रत्येक पावलाला चढच शोधणारा
पहिल्याच उंचवट्यावर बसून राहतो,
सेमिनरी हिल्सवर उभं राहून
यालाच सातपुडा म्हणणाऱ्यासारखा.
आकडा उतरत जातो
तसं यंत्र शहाणं होतं, मग कंजूष,
शेवटी नुसतं नाही म्हणतं.

मे महिना. रात्री दोनला कूलरमधलं पाणी संपलं
आणि पडद्यावर उमटलं : नव्याण्णव पूर्णांक चार.
लांजेवार सर म्हणाले, झालं, पाठवून दे.
उरलेलं शून्य पूर्णांक सहा
तांडापेठेतल्या एका बोळात होतं,
नकाशावर नखाएवढं.

दुपारी गेले. तोंडाला स्कार्फ, हातात मोजणीचा फोन,
मागे मडावी, स्कूटरसाठी सावली शोधत.
नकाशात जिथं मोकळा प्लॉट
तिथं तीन मजले उभे, पत्र्याची शेड,
बंद पडलेले दोन माग.
चार काड्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक, मग फुली.

आणि एका जिन्यावर, तिसऱ्या पायरीवर,
कानाला फोन लावून एक म्हातारा.
शेजारी भिंतीवर खडूनं काढलेला बाण,
जरासा पश्चिमेला कललेला.
"इथंच येते रेंज," श्रावणजी हेडाऊ म्हणाले.
"आधी गच्चीवर गेलो, नाही. मग नळापाशी, थोडी.
मग एक पायरी खाली, दोन वर, पुन्हा एक खाली.
लोकं हसून राहिले होते.
दोन महिने लागले, बाई."

दोन महिने.
मी त्यांना सांगितलं नाही
की याच कामाचा मला पगार मिळतो.

परत येऊन यंत्र उघडलं. ते पार निवलेलं.
वर्धा रोडवरचा एक टॉवर उचलला,
तांडापेठेत पाण्याच्या टाकीशेजारी ठेवला.
खर्च अकरानं वाढला. यंत्र म्हणालं, नाही.
पुन्हा ठेवला. नाही.
बाहेर सेहेचाळीस अंश होते.
एवढ्या तापमानाला वाईट चाल चालते,
नियम त्याचाच आहे.
मी टॉवर तिथं खिळवला
आणि त्या ओळीला कुलूप घातलं.

जूनअखेर मडावी चढला, बोल्ट आवळले,
वरून ओरडला, इथून माझी शाळा दिसते मॅडम!
वर्धा रोडच्या एका शोरूममधून तक्रार आली,
तळघरात रेंज नाही.
लांजेवार सरांनी ती माझ्या नावावर लिहिली.
बरोबरच आहे, माझीच होती.

परवा त्या बोळातून गेले.
पाचही काड्या. दारात, न्हाणीत,
मागांच्या खोलीतसुद्धा.
श्रावणजी तिसऱ्या पायरीवरच, कानाला फोन.
म्हटलं, आता घरात बसूनही येतं ना?
हातानं थांबवलं मला,
सावकाश बोलणं संपवलं,
म्हणाले, "येतं ना.
पण इथं वारा लागून राहिला."